बीटल्सची गाणी आणि पेन्सिलीवर फिरणारी टेप

कॅसेटची टेप बाहेर आली की तिच्या दातेरी भोकात पेन्सिल घालायची आणि गरगर फिरवत टेप आत ओढून घ्यायची, हे आमच्या पिढीचं घरगुती तंत्रज्ञान. त्यामुळे १९६६ साली लंडनच्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत भली शिकली-सवरलेली तंत्रज्ञ मंडळी हातात पेन्सिली धरून, त्यांच्यावरून टेप फिरवत उभी होती हे वाचलं, तेव्हा मला ती माणसं एकदम घरची वाटली. काम चाललं होतं बीटल्सच्या, म्हणजे जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या चौघांच्या इंग्लिश बँडच्या गाण्याचं.

बीटल्सच्या गाण्यांमागच्या गोष्टी म्हटलं की बहुतेक वेळा कोणतं गाणं कोणावरून सुचलं, एवढंच सांगितलं जातं. त्या गोष्टी मजेशीर आहेतच. 'यस्टरडे'ची चाल पॉल मॅकार्टनीला झोपेतून उठल्या उठल्या सुचली. आपण ती कुणाची तरी ढापलेली नाही ना, या धास्तीनं तो कितीतरी दिवस भेटेल त्याला ऐकवत, विचारत फिरला. शब्द सुचेपर्यंत त्या करुण चालीवर तो चक्क 'स्क्रॅम्बल्ड एग्ज' गात होता, म्हणजे आपली अंड्याची भुर्जीच. पण त्यांची पुढची गाणी ऐकताना 'हा आवाज कसला?' असा जो प्रश्न पडतो, त्याचं उत्तर अशा गोष्टींत सापडत नाही. ते टेपमध्ये सापडतं. आणि टेप समजायला मुळीच अवघड नाही.

टेप म्हणजे प्लास्टिकची लांबलचक फीत. तिच्या एका बाजूला लोहाच्या ऑक्साइडचा, साध्या भाषेत गंजाच्या भुकटीचा थर. मायक्रोफोन आवाजाची वीज करतो, ती वीज मशीनच्या हेडमध्ये, म्हणजे एका छोट्या विद्युतचुंबकात जाते, हेडसमोरून फीत सरकते आणि तिच्यावरचे कण त्या विजेच्या चढउताराप्रमाणे चुंबकित होतात. वाजवताना हाच प्रवास उलटा. एवढंच. मात्र यातून एक भन्नाट गोष्ट घडते: वेळ ही मोजपट्टीनं मोजता येणारी वस्तू होते. ॲबी रोडच्या मशीनवर टेप सेकंदाला १५ इंच सरकायची. म्हणजे तीन मिनिटांचं गाणं झालं २२५ फूट. मग ते ब्लेडनं कापता येतं, चिकटपट्टीनं जोडता येतं, उलटं लावता येतं, हळू किंवा जोरात पळवता येतं.

ही लांबीची बाजू झाली. रुंदीची बाजू म्हणजे ट्रॅक. रस्त्याला लेन असतात तसे टेपच्या रुंदीवर समांतर पट्टे आखलेले असतात आणि प्रत्येकावर वेगळा आवाज मुद्रित करता येतो. बीटल्सचा पहिला अल्बम झाला तेव्हा त्यांच्या वाट्याला दोनच ट्रॅक होते. ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात त्यांनी दहा गाणी उरकली. वाद्यं एका ट्रॅकवर, गळे दुसऱ्यावर, आणि चौघं एकत्र वाजवतायत. जॉन लेननला सर्दी झालेली, घसा बसत चाललेला. म्हणून निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी 'ट्विस्ट अँड शाउट' हे घसा फाडून गायचं गाणं सगळ्यात शेवटी ठेवलं. जॉननं ते पहिल्याच टेकला मारून नेलं. दुसरा टेक सुरू केला, पण आवाजच उरला नव्हता. रेकॉर्डवर ऐकू येतो तो फाटका आवाज म्हणजे शैली-बिली काही नाही, दिवसभराची हमाली आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरात चार ट्रॅकचं मशीन मिळालं आणि बँडची पुढची जवळजवळ पाच वर्षं त्या चारांतच गेली. आज मोबाइलवरच्या फुकट ॲपमध्येही याहून जास्त ट्रॅक असतात. मग चारांत चाळीस वादक कसे मावले? तर चारही ट्रॅक भरले की ते सगळे एकत्र करून दुसऱ्या मशीनवरच्या एका ट्रॅकवर उतरवायचे. तीन ट्रॅक पुन्हा रिकामे. पण यात दोन गोम आहेत. प्रत्येक उतरवणीगणिक टेपची खरखर वाढते, आणि एकदा एकत्र केलेलं वेगळं काढता येत नाही. आमटीत मीठ पडलं की पडलं. ड्रम जरा कमी हवे होते असं आठवडाभरानं वाटून उपयोग नाही. त्यामुळे गाणं पुढे कसं होणार आहे हे माहीत नसताना निर्णय मात्र आत्ताच घ्यायचे, अशी त्यांची रोजची स्थिती होती.

आता पेन्सिलींकडे येऊ. एप्रिल १९६६ मध्ये 'रिव्हॉल्व्हर' या अल्बमचं काम सुरू झालं आणि पहिलंच गाणं निघालं 'टुमॉरो नेव्हर नोज'. नाव रिंगो स्टारच्या एका बोबड्या वाक्प्रयोगावरून पडलेलं, शब्द तिबेटी मृत्युग्रंथाच्या आधारानं लिहिलेल्या एका पुस्तकातून आलेले, आणि सुरावट जवळपास एकाच सुरावर उभी. तानपुरा लावून ठेवावा तसं गाणं. जॉनची मागणी होती की आपला आवाज डोंगरमाथ्यावरून मंत्र म्हणणाऱ्या दलाई लामांसारखा आला पाहिजे. जॉनच्या मागण्या अशाच असायच्या, सूर-बिर न सांगता थेट चित्र सांगायचा. ध्वनिमुद्रक जेफ एमरिक तेव्हा विशीचा पोरगा, त्या पदावर नुकताच बसलेला. ऑर्गनसोबत एक लाकडी कपाट यायचं, ज्यातला स्पीकर स्वतःभोवती फिरतो. त्यानं जॉनचा आवाज त्या कपाटातून काढला. गाण्याच्या उत्तरार्धात आवाज घुमतो, थरथरतो, तो त्या फिरत्या भोंग्यामुळे. ड्रमचा आवाज दबका आणि जड यावा म्हणून त्यानं मोठ्या ड्रममध्ये लोकरीचा स्वेटर कोंबला.

या गाण्यात मध्येमध्ये समुद्रपक्षी ओरडल्यासारखं काहीतरी ऐकू येतं. पक्षी नाहीत ते, पॉलचं हसणं आहे. पॉलच्या घरी एक टेप रेकॉर्डर होता. कुठलाही टेप रेकॉर्डर नवीन आवाज घेताना आधीचा पुसतो, कारण त्याला त्यासाठी वेगळं हेड असतं. ते पुसणारं हेड काढून टाकलं, टेपचा छोटा तुकडा घेऊन त्याची दोन टोकं जोडून माळ केली आणि ती फिरवत ठेवली, तर प्रत्येक फेरीला आवाजावर आवाज साचत जातो. अशा माळा तो पिशवीत भरून स्टुडिओत घेऊन आला. पाच निवडल्या. त्या पाच वेगवेगळ्या मशीनवर लावायच्या, पण माळ मशीनच्या बाहेर लोंबते, ती ताणून धरणार कोण? म्हणून मशीनपाशी माणसं, हातात पेन्सिली. पाचही मशीनचे आवाज एका टेबलावर आणले आणि गाणं चालू असताना खटके वरखाली करत ते मिसळले. त्या क्षणी जे झालं ते झालं, तसंच्या तसं पुन्हा करता येणार नव्हतं. एका चाळीच्या गॅलरीत दिवाळीची माळ धरून उभे राहिलेले लोक मला दरवेळी आठवतात.

याच काळातली आणखी एक करामत. एकच ओळ दोनदा गाऊन एकावर एक ठेवली की गळा भरदार वाटतो, पण जॉनला दोनदा गायचा मनस्वी कंटाळा. तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी त्याच्या आवाजाची नक्कल दुसऱ्या मशीनवरून किंचित उशिरानं परत आणायची युक्ती काढली. हे चालतं कसं, असं जॉननं विचारल्यावर मार्टिन यांनी गंभीर चेहऱ्यानं काहीतरी जडजंबाल थाप मारली, तीत 'फ्लँज' असा एक शब्द होता. जॉन पुढे आवाजाला ते 'फ्लँज' लावा म्हणून मागू लागला.

वेगाचा खेळ समजायला वॉकमन आठवा. सेल उतरले की गाणं रेंगाळायचं आणि लताबाईंचा आवाजही खाली घसरायचा. टेपवर लय आणि पट्टी एकमेकींना बांधलेल्या असतात, एक कमी केली की दुसरीही उतरते. बीटल्सनी हा दोष मुद्दाम वापरला. 'रेन' या गाण्याची वाद्यं त्यांनी जलद वाजवून घेतली आणि टेप हळू केली. ड्रमला जो चिखलातून चालल्यासारखा जडपणा आलाय तो त्यातून आला. त्याच गाण्याच्या शेवटी जॉनचा आवाज उलटा लावलाय.

या बांधलेपणानं एकदा मात्र त्यांची लाज राखली. ऑगस्ट १९६६ अखेर सॅन फ्रान्सिस्कोत दौऱ्यातला शेवटचा कार्यक्रम करून त्यांनी दौरे बंद केले. किंकाळ्यांमध्ये स्वतःचं वाजवणंच ऐकू येत नसे. मग जॉन सिनेमाच्या शूटिंगला स्पेनमध्ये गेला आणि तिथे त्यानं 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' लिहायला घेतलं. स्ट्रॉबेरी फील्ड हा लिव्हरपूलमध्ये त्याच्या मावशीच्या घराजवळचा साल्व्हेशन आर्मीचा अनाथाश्रम. लहानपणी तो तिथल्या आवारात खेळायला जायचा. नोव्हेंबरात स्टुडिओत त्याचं एक रूप तयार झालं: हळुवार, स्वप्नाळू. जॉनला ते पुरेसं वाटेना. मग दुसरं केलं: जलद, ट्रम्पेट आणि चेलो घेतलेलं, दणकट. आता त्याला पहिल्याची सुरुवात आवडत होती आणि दुसऱ्याचा शेवट. मार्टिनना म्हणाला, जोडून टाका की. मार्टिन म्हणाले, दोघांची पट्टी वेगळी आहे आणि लयही वेगळी. जॉनचं उत्तर साधारण 'तुम्हाला जमेल' असं होतं.

आणि जमलं, कारण नशीब. जे रूप जलद होतं तेच वरच्या पट्टीतही होतं. टेप हळू केली की लयही उतरते आणि पट्टीही. दोन्ही फरक एकाच खुंटीनं मिटले. उलटं असतं, म्हणजे जलद रूप खालच्या पट्टीत असतं, तर लय जुळवताना पट्टी आणखी दूर गेली असती आणि सारं बोंबललं असतं. २२ डिसेंबर १९६६ रोजी ब्लेडनं सांधा मारला. गाणं सुरू झाल्यावर साधारण एका मिनिटानं तो येतो. हेडफोन लावून ऐका: हवेचा रंग बदलल्यासारखा एक क्षण येतो, त्यापुढे जॉनचा आवाज जरा जड, झोपाळलेला होतो. टेप हळू केल्याची ती खूण. आणि त्याच गाण्यात एक सरसर उतरणारी तारांची लहर येते, ती ओळखीची वाटेल. किशोरीताईंच्या, जसराजजींच्या मांडीवर असायचं तेच स्वरमंडल, जॉर्ज हॅरिसननं छेडलेलं.

पुढचा अल्बम 'सार्जंट पेपर्स', जून १९६७. पहिल्या अल्बमची दहा गाणी एका दिवसात, इथे जवळपास पाच महिने. त्यातल्या सर्कशीच्या गाण्याचे शब्द जॉनला १८४३ सालच्या एका सर्कशीच्या जाहिरातीत मिळाले. ती त्यानं जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणली होती. जत्रेचा माहोल हवा होता, तर वाफेवरच्या ऑर्गनांची जुनी ध्वनिमुद्रणं घेऊन टेपचे तुकडे केले, हवेत उधळले, हाताला येतील तसे जोडले. मला ते गाणं ऐकण्यापेक्षा त्याची ही गोष्टच जास्त आवडते, खरं सांगायचं तर.

'अ डे इन द लाइफ'चं तसं नाही. जॉनचा भाग वर्तमानपत्रातून आला: एका श्रीमंत तरुण मित्राचा गाडीच्या अपघातात मृत्यू, आणि ब्लॅकबर्न गावच्या रस्त्यांवर ४,००० खड्डे असल्याची बातमी. (खड्डे मोजायची पद्धत आपल्याकडेही आहे, गाणं तेवढं व्हायचं राहिलंय.) पॉलकडे एक वेगळाच तुकडा होता, सकाळी उठून बस पकडण्याचा. दोन्हींच्या मध्ये काय घालायचं ते ठरेना, म्हणून त्यांनी २४ बार, म्हणजे २४ आवर्तनं म्हणा, रिकामीच सोडली. ती मोजायला त्यांचा सहायक मॅल इव्हान्स मोठ्यानं आकडे म्हणत राहिला आणि चोविसावं संपल्यावर त्यानं गजराचं घड्याळ वाजवलं. मोजणी संपल्याची खूण, बस. पण आवाज टेपवर इतर वाद्यांबरोबर बसला होता. तो काढायचा कसा? आमटीतलं मीठ. योगायोग असा की पॉलचा तुकडा सुरूच होतो जाग येण्यानं. गजर राहिला. नीट कान दिला तर मॅलचे आकडेही पुसटसे ऐकू येतात.

रिकाम्या जागेत शेवटी ४० जणांचा वाद्यवृंद आला, १० फेब्रुवारी १९६७ च्या रात्री. शास्त्रीय संगीतातली अनुभवी, शिस्तीची मंडळी. त्यांना पार्टीसारखे उत्तम कपडे घालून यायला सांगितलं आणि वर नकली नाकं, टोप्या वाटल्या. मार्टिन यांनी त्यांना काम सांगितलं ते आयुष्यभराच्या शिकवणीच्या विरुद्ध: आपापल्या वाद्याच्या सर्वांत खालच्या सुरावर सुरू करा, २४ बारमध्ये सर्वांत वर पोचा आणि शेजाऱ्याचं ऐकू नका. एकत्र वाजवणं हाच ज्यांचा धर्म, त्यांना हे सांगणं म्हणजे वारकऱ्यांना सांगणं की प्रत्येकानं आपापल्या तालात टाळ वाजवा. हे त्यांनी वेगळ्या टेपच्या चारही ट्रॅकवर एकेकदा घेतलं. चाळीसाचे झाले एकशेसाठ. मग दोन मशीन एकाच वेळी, एकाच वेगानं पळाली पाहिजेत. टाउनसेंड यांनी एका टेपवर ५० हर्ट्‌झचा सूर भरून त्यावर दुसऱ्या मशीनची मोटर चालवली. वेग जुळला. सुरुवात मात्र कुणीतरी अंदाजानं बटण दाबूनच जुळवावी लागे.

शेवटचा तो प्रचंड स्वर म्हणजे तीन पियानोंवर जॉन, पॉल, रिंगो आणि मॅल यांनी एकदम दाबलेल्या पट्ट्या, वर मार्टिन यांचं हार्मोनियम. पियानोचा आवाज विरत जातो तसतसं एमरिकनं आवाजाची पातळी वाढवत नेली. स्वर चाळीसहून अधिक सेकंद टिकतो. अगदी शेवटी पातळी इतकी वर गेलीय की खुर्ची करकरलेली ऐकू येते.

आता जॉर्ज हॅरिसनकडे वळतो, कारण इथे आपली माणसं भेटतात. 'रिव्हॉल्व्हर'मधल्या 'लव्ह यू टू'वर तबला वाजवला अनिल भागवत यांनी. लंडनमधल्या एशियन म्युझिक सर्कल या संस्थेचे अंगडी यांनी त्यांना फोन केला, संध्याकाळी 'जॉर्ज'बरोबर वाजवायला मोकळे आहात का म्हणून. आडनाव सांगितलं नाही. दारात रोल्स-रॉइस येऊन उभी राहिली तेव्हा त्यांना कळलं की कुठला जॉर्ज. अल्बमच्या मागच्या बाजूला त्यांचं नाव छापलंय. पुढच्या वर्षी 'विदिन यू विदाउट यू'वर दिलरुबा हे गजानं वाजवायचं तंतुवाद्य वाजवणाऱ्यांत अण्णा जोशी आणि अमृत गज्जर होते. या मंडळींची नावं तेव्हा छापली गेली नाहीत, लोकांना ती कळली फार उशिरा. गाण्यात शब्द चालू असतात तेव्हा तीनताल आहे, मधल्या वाद्यांच्या भागात झपताल. मार्टिन यांची पंचाईत वेगळीच झाली. दिलरुबा सुरावरून सुरावर मींड घेत जातो, युरोपीय स्वरलिपी मात्र सुरांचे सुटे ठिपके मांडते. ठिपक्यांमधलं घसरणं लंडनच्या व्हायोलिनवादकांच्या बोटांत उतरवायला त्यांना आणि हॅरिसनला घाम गाळावा लागला.

जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन एका सिनेमाचं संगीत मुद्रित करायला मुंबईत आला. शिवकुमार शर्मा, आशिष खाँ, हरिप्रसाद चौरसिया असे वादक. एचएमव्हीचा स्टुडिओ फोर्टात, फिरोजशहा मेहता रस्त्यावर. तिथलं मशीन एकाच ट्रॅकचं, मोनो. ग्रामोफोन कंपनीचे भास्कर मेनन यांनी त्याच्यासाठी कलकत्त्याहून आगगाडीनं स्टीरिओ मशीन आणवलं. दोन ट्रॅकचं. म्हणजे पाच वर्षांनी, जगातला सगळ्यात मोठा बँड होऊन, हॅरिसन पुन्हा पहिल्या अल्बमच्या सामानावर आला होता. सिनेमाचं काम झाल्यावर त्यानं आणखी एक धून तिथेच घेतली. लंडनला जाऊन तिच्यावर गायला आणि 'द इनर लाइट' नावानं ती 'लेडी मॅडोना' या गाण्याच्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला आली. बीटल्सच्या सिंगलवर, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणं असलेल्या छोट्या रेकॉर्डवर, हॅरिसनचं गाणं यायची ती पहिली वेळ.

दोन ट्रॅकमध्ये चुकीला जागा नाही. त्यात स्टुडिओ कचेऱ्यांच्या वरच्या मजल्यावर आणि आवाज अडवायची काही सोय नाही. खालच्या टॅक्सींचा आवाज आत यायचा आणि सिनेमाच्या काही तुकड्यांत कान देऊन ऐकलं तर तो सापडतो, असं हॅरिसननंच सांगून ठेवलंय. टॅक्सींचं तरी चालून गेलं. साडेपाचला कचेऱ्या सुटल्या आणि कारकून मंडळी धडधडत जिना उतरू लागली, की सरोद, बासरी, टेप, सगळं थांबवावं लागायचं.